एआरटी (एचआयव्हीवरच्या उपचारांच्या) केंद्रातल्या मुलांसाठी टीमने कामं कशी वाटावीत?

बडोद्यातल्या एआरटी केंद्रात येणाऱ्या मुलांचे डोस चुकू नयेत म्हणून कोणी काय करावं, असं विचारलंय. आधी वजन. मुलांचा डोस वजनावर ठरतो, मूल वाढतं आणि चिठ्ठी मात्र जुनीच चालत राहते. नर्सने दर भेटीत, डॉक्टरांकडे पाठवण्याआधी, चपला काढून वजन घ्यावं. वजनाचा गट बदलला तर केसपेपरवर ठळक लिहावं. डोल्युटेग्राविर या एचआयव्हीवरच्या औषधाच्या विरघळणाऱ्या १० मिग्रॅ गोळ्या ६ ते ९.९ किलोला दीड, १० ते १३.९ ला दोन, १४ ते १९.९ ला अडीच. २० किलोपासून ५० मिग्रॅची एक.

फार्मासिस्टने उरलेल्या गोळ्या मोजाव्यात आणि अर्धी गोळी कशी मोडायची ते आजीलाच करून दाखवावं. बऱ्याच घरांत औषध तीच देते. शाळेत मिळणारी लोहाची गोळीही विचारा. उपाशीपोटी दोन्ही एकत्र घेतल्या तर डोल्युटेग्राविर नीट शोषलं जात नाही, जेवणासोबत चालतं. टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू असेल तर डोल्युटेग्राविरचा तोच डोस दिवसातून दोनदा लागतो. टीबी विभागाने हे कळवलंच नाही, तर सगळं फसतं.

व्हायरल लोड, म्हणजे एक मिली रक्तातल्या विषाणूंची संख्या, १००० च्या वर आला की लगेच औषध बदलायची घाई नको. आधी समुपदेशन, साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. मुलाला आजाराचं नाव टप्प्याटप्प्याने, बाराव्या वर्षापर्यंत, समुपदेशकाने पालकांसमोर सांगावं. आणि नवरात्रात गरब्यामुळे रात्रीचा डोस बुडतो, तेव्हा वेळ सकाळचीच ठरवा.