बोलणार लेक, धाकधूक आईला

ताई, माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, ऑटिस्टिक आहे. एप्रिलमध्ये शाळेच्या कार्यक्रमात तिला स्वतःबद्दल बोलायचंय. सासूबाई म्हणतात, ‘चारचौघांत कशाला? मंडळात कळलं की झालं!’ खरं सांगायचं तर मलाही धाकधूक आहे. काय करू?
— एक आई, न्यू जर्सी

‘तिला बोलायचंय’ असं तुम्हीच लिहिलंय. मग बोलू द्यायचं की नाही हा प्रश्न मिटलाच. किती आणि कसं, एवढंच उरलं.

एका संध्याकाळी तिच्याबरोबर बसा. काय सांगायचं नि काय घरातच ठेवायचं, ते तिनं ठरवायचं. ती लहानपणी किती उशिरा बोलली, दुकानात कशी रडून लोळली, हे किस्से तुमच्या आठवणीतले; वर्गासमोर ते तिला नको असतील. भाषणच हवं असंही नाही. तिनं लिहिलेलं मैत्रिणीनं वाचलं किंवा टॅबवर टाइप करून ऐकवलं, तरी ते तिचंच बोलणं. आणि ऐनवेळी ‘नको’ म्हणाली तर आग्रह करायचा नाही, हे शिक्षकांना आधीच सांगून ठेवा.

एप्रिल म्हणजे ऑटिझमचा महिना. अमेरिकेतल्या ऑटिझम सोसायटीनं २०२१ मध्ये त्याच्या नावातला ‘अवेअरनेस’ काढून ‘अ‍ॅक्सेप्टन्स’ आणला. योग्यच केलं. जाणीव आपल्या लोकांना असतेच हो, म्हणून तर कुजबुज होते!

मला मात्र स्टेजपेक्षा आयईपीची, म्हणजे शाळा तिच्यासाठी करते त्या खास शिक्षण-आराखड्याची, मीटिंग महत्त्वाची वाटते. शाळेनंतर पुढे काय, याचं नियोजन केंद्रीय कायद्यानं सोळाव्या वर्षापर्यंत आयईपीत यावं लागतं. न्यू जर्सीत त्याची सुरुवात चौदापासूनच होते. तो विषय असेल त्या मीटिंगला मुलीलाही बोलवावंच लागतं. अठराव्या वर्षी तर निर्णयाचे हक्क सहसा तिच्याकडेच जातात. म्हणून आत्तापासून तिला दोन-तीन वाक्यं तिथं स्वतः मांडू द्या. ‘प्रश्न विचारल्यावर मला जरा वेळ द्या.’ ‘मी डोळ्यांत बघत नसले तरी ऐकत असते.’ शिक्षकांना अहवालाच्या दहा पानांपेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

आता मंडळ. आमच्याकडे गणपतीत एक मुलगा ढोल वाजायच्या आत कानांवर मोठे हेडफोन चढवतो. पहिल्या वर्षी त्याची आजी मागे लागायची, ‘अरे, फोटोपुरते तरी काढ!’ पुढच्या वर्षी त्यानं स्वतःच ढोलवाल्यांना जाऊन विचारलं, ‘किती वाजता सुरू करणार?’ हल्ली आजीच पाच मिनिटं आधी त्याला शोधत येते.

तुमच्या सासूबाईंशीही वाद घालू नका. मुलीची तयारी असेल तर भाषण पहिल्यांदा त्यांनाच ऐकवू दे, मराठीत. (‘घरी फक्त इंग्रजीच बोला’ असा सल्ला कुणी दिला असेल, तर मनावर घेऊ नका. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडतं, असं संशोधनात आढळलेलं नाही.) ऑटिझमला मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात, पण मला तो शब्द खटकतो, जणू मुलीला आपलं काही पडलेलंच नाही! तिला कोणता शब्द हवा, ते तिलाच विचारा.

आणि आजीनं मध्येच टोकलं, तर टोकू दे. भाषणानंतर मुलं प्रश्न विचारणारच आहेत, तेवढाच सराव.