जर्मनीत भारतीय लायसन्स आणि आयडीपीवर वर्षभर गाडी चालवता येते का? विम्याचं काय?

प्रश्नकर्त्याने लिहिलंय: महिन्याभरात नोकरीसाठी जर्मनीला चाललोय, बायको तीन महिन्यांनी येईल. दोघांकडेही महाराष्ट्रातलं लायसन्स आहे, आयडीपी म्हणजे आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून नेणार. तो वर्षभर चालतो ना? आणि पुण्यातल्या गाडीवरचा ५० टक्के नो क्लेम बोनस तिकडच्या विम्यात धरतात का?

पहिल्याचं उत्तर: नाही. सहा महिने. या सहा महिन्यांवरून इथल्या मराठी मंडळींशी माझे इतके वाद झालेत की जरा सविस्तरच लिहितो.

आयडीपीवर छापलेलं एक वर्ष ही त्या पुस्तिकेची मुदत. ती आपल्या आरटीओने दिलेली असते. जर्मनीत तुम्ही किती काळ चालवायचं हे जर्मनीचा कायदा ठरवतो आणि त्यात आयडीपीचं काम मूळ लायसन्सच्या भाषांतराएवढंच आहे. फिरायला आलात तर लायसन्स आणि आयडीपी सोबत ठेवा, विषय संपला. पण राहायला आलात, घर घेतलं, पत्त्याची नोंद म्हणजे आनमेल्डुंग केलीत, की लायसन्सच्या नियमावलीतलं कलम २९ लागू होतं. युरोपीय संघाबाहेरचं लायसन्स वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने ग्राह्य धरतात. त्यानंतर जर्मनीपुरतं तुमच्याकडे लायसन्सच नाही. भारतातलं कार्ड अजून दहा वर्षं वैध असू दे, आयडीपीचे पाच महिने शिल्लक असू देत, काही फरक पडत नाही. मध्ये दिवाळीला तीन आठवडे घरी जाऊन आलात म्हणून मोजणी पुन्हा पहिल्यापासून होत नाही.

मुदत आणखी सहा महिने वाढवून मिळते, पण एकूण मुक्काम बारा महिन्यांच्या वर जाणार नाही हे कागदावर दाखवता आलं तरच. वर्षभराच्या प्रोजेक्टवर आलेले किंवा एक्स्चेंजचे विद्यार्थी यात बसतात. कायम नोकरीचा करार हातात असताना ही सवलत मागायला जाणं म्हणजे एक चक्कर फुकट.

तुमच्या बाबतीत नवरा-बायकोची मोजणी वेगवेगळी होणार, हे नीट लक्षात ठेवा. अशाच एका जोडप्याचं सांगतो, कारण माझा वाद मुळात त्या गृहस्थांशीच होता. ते आधी आले, त्यांनी परीक्षा देऊन इथलं लायसन्स घेतलं, गाडी घेतली. वहिनी नंतर आल्या. सहा महिने उलटल्यावरही गाडी चालवत राहिल्या, कारण साहेबांचं ठाम मत: "आयडीपी वर्षाचा आहे ना? आणि विमा तर आहेच." एके दिवशी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये मागे घेताना उभ्या गाडीला धक्का लागला. समोरच्या गाडीचा बंपर आणि सेन्सर गेला, यांचा दिवा फुटला. कोणाला खरचटलंही नाही.

आपल्याकडे अशा वेळी वायपरखाली फोन नंबरची चिठ्ठी अडकवतात. इथे चिठ्ठी ठेवून निघून गेलात तर अपघातस्थळावरून पळाल्याचा फौजदारी गुन्हा लागू शकतो. पुरेसा वेळ थांबायचं, मालक आला नाही तर पोलिसांना फोन करायचा. वहिनींनी अगदी हेच केलं, म्हणजे बरोबरच केलं. पोलिसांनी लायसन्स पाहिलं, जर्मनीत कधीपासून राहता ते विचारलं, आनमेल्डुंगची तारीख पाहिली. सातवा महिना.

गुन्हा दोघांवर दाखल झाला. रस्ता वाहतूक कायद्याच्या कलम २१ प्रमाणे विनालायसन्स चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, आणि ज्याच्या नावावर गाडी आहे त्याने चालवू दिली तर त्यालाही तेवढीच शिक्षा. "मला नियम माहीत नव्हता" हे इथे चालत नाही, कारण निष्काळजीपणाने घडलं तरी गुन्हा तो गुन्हाच, फक्त शिक्षेची कमाल मर्यादा खाली येते. त्यांचं प्रकरण दंडावर मिटलं. हा दंड दिवसांच्या हिशोबात ठरतो, तुमच्या रोजच्या उत्पन्नाच्या पटीत. पुढे नागरिकत्व घ्यायचा विचार असेल तर ९० दिवसांच्या वरचा दंड त्या अर्जात आडवा येतो. शिवाय अमुक महिने नवीन लायसन्स देऊ नये अशी बंदीही कोर्ट घालू शकतं.

आता "विमा तर आहेच" याबद्दल. विमा होता आणि त्याने पैसे भरलेही, म्हणून तर साहेब पहिले दोन आठवडे माझ्याकडे विजयी मुद्रेने बघत होते. थर्ड पार्टी विम्यातून, म्हणजे इथल्या हाफ्टफ्लिश्टमधून, नुकसान झालेल्या माणसाला भरपाई द्यावीच लागते. चालकाकडे लायसन्स नव्हतं ही सबब विमा कंपनी त्याला सांगू शकत नाही. पण पैसे भरून झाल्यावर कंपनी तुमच्याकडे वळते आणि ५,००० युरोपर्यंत वसूल करू शकते. बंपरचं बिल त्या मर्यादेच्या आतच होतं, म्हणजे सगळंच यांच्याकडून गेलं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी फोलकास्को म्हणजे पूर्ण विमा घेतला होता, तिथे दाव्याला सरळ नकार आला. आणि भरपाई मागताना घरातला खासगी हाफ्टफ्लिश्ट, म्हणजे व्यक्तिगत दायित्व विमा, पुढे करू नका. सायकल आदळली, कोणाची काच फुटली, तर तो उपयोगी. मोटारीने केलेलं नुकसान त्यात येत नाही.

आता करायचं काय. ज्या देशांच्या लायसन्सला सूट आहे त्यांची यादी नियमावलीच्या परिशिष्ट ११ मध्ये आहे आणि त्यात भारत नाही. म्हणजे लायसन्स बदलून घेताना लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. एवढं ऐकून लोक हबकतात आणि ड्रायव्हिंग स्कूलने पुढे केलेलं नवशिक्याचं पूर्ण पॅकेज सही करून टाकतात. ते करू नका. नवीन शिकणाऱ्याला थिअरीचे १४ वर्ग आणि बारा खास फेऱ्या सक्तीच्या असतात: पाच गावाबाहेरच्या रस्त्यावर, चार आउटोबानवर (जर्मन द्रुतगती महामार्ग), तीन अंधारात. तुमच्याकडे ग्राह्य परदेशी लायसन्स असेल तर यातलं काहीही सक्तीचं नाही. ड्रायव्हिंग स्कूल मात्र लागतंच, कारण परीक्षा त्यांच्या दोन ब्रेकच्या गाडीत आणि त्यांचा शिक्षक शेजारी बसलेला असतानाच होते. पहिल्या फोनवरच सांगा की हे उमश्राइबुंग, म्हणजे परदेशी लायसन्स बदलून घेणं, आहे. कुरकुर करणाऱ्या स्कूलला नमस्कार करून पुढच्याकडे जा.

लायसन्स कार्यालयात अर्ज पहिल्याच महिन्यात करा. कागद असे: चष्म्याच्या दुकानात पाच मिनिटांत होणारी दृष्टी तपासणी, प्रथमोपचाराचा एक दिवसाचा कोर्स (४५ मिनिटांचे नऊ तास), बायोमेट्रिक फोटो, पासपोर्ट, पत्त्याची नोंद, मूळ लायसन्स आणि त्याचं भाषांतर. भाषांतर शपथबद्ध अनुवादकाकडून किंवा एडीएसी या मोटार क्लबकडून करून घ्या. कार्ड इंग्रजीत आहे म्हणून भाषांतर नको, असं समजू नका. अर्जात ड्रायव्हिंग स्कूलचं नाव लागतं, म्हणून ते आधी ठरवा. कार्यालयातून मंजुरी येऊन ट्यूफ किंवा डेक्रा या परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे परीक्षेचा आदेश जायला कित्येक आठवडे लागतात आणि मोठ्या शहरात प्रत्यक्ष परीक्षेची तारीख त्याहून उशिरा मिळते. सहा महिने इथेच संपतात. संपले म्हणून अर्जाचा हक्क जात नाही, पण नवं कार्ड हातात येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही.

लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. परकी भाषा बारा आहेत, त्यात हिंदी-मराठी नाही. ३० प्रश्न, चुकीच्या उत्तरांचे दहापर्यंत चूक-गुण माफ, पण पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज दहाच असूनही नापास. प्रश्नसंच हजाराच्या वर आहे. ॲप घ्या आणि रोज घासा, अक्कल वापरून उत्तरं देऊ नका. वीस वर्षं पुणे-मुंबई केलेले लोक इथेच अडकतात.

प्रत्यक्ष परीक्षा ५५ मिनिटांची आणि सूचना जर्मनमध्ये. गाडी चालवता येते का हे परीक्षक बघतच नाही, ते त्याने धरलेलंच असतं. तो तुमची मान बघतो. लेन बदलताना, उजवीकडे वळताना, कडेवरून निघताना आरसा पाहिलात पण खांद्यावरून मागे वळून पाहिलं नाहीत, की त्याच्या टॅब्लेटवर नोंद झाली. ३० च्या झोनमध्ये, जिथे कुठलीच पाटी नाही अशा चौकात, उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. तो अरुंद गल्लीतून येवो की सायकलवर, तुम्ही वेग कमी करून उजवीकडे पाहिलंत हे त्याला दिसायला हवं. आपण मोठ्या रस्त्यावर आहोत म्हणून सरळ निघालात, तर तिथेच परीक्षा संपते. स्टॉपच्या पाटीला चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. लाल सिग्नलशेजारी हिरव्या बाणाची पत्र्याची पाटी असेल तर उजवीकडे वळता येतं, पण आधी तिथेही पूर्ण थांबून. सायकलवाल्याला ओलांडताना शहरात दीड मीटर, बाहेर दोन मीटर अंतर. आणि सावकाश चालवणं म्हणजे सुरक्षित हा आपला समज इथे नडतो. शहराबाहेर १०० ची मर्यादा असलेल्या मोकळ्या रस्त्यावर कारण नसताना ७० ने गेलात किंवा आउटोबानला जोडणाऱ्या पट्टीवर वेग न घेता शेवटी थांबलात, तरी नापास.

म्हणून सक्ती नसली तरी आठ-दहा तास शिक्षकासोबत घ्याच. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला, याला दोन तासांत सवय होते. मानेची सवय लागायला बाकीचे तास जातात. स्वयंचलित गाडीत परीक्षा दिलीत तर कार्डावर ७८ हा सांकेतिक आकडा पडतो आणि गिअरची गाडी चालवता येत नाही. इथे इलेक्ट्रिकच घेणार असाल तर त्याने काही बिघडत नाही.

नो क्लेम बोनसचं थोडक्यात. जर्मनीत विनादावा वर्षांवरून वर्ग ठरतो, त्याला एसएफ वर्ग म्हणतात. परदेशातली वर्षं धरायची की नाही हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. काही धरतात, बऱ्याच नाही. तुमच्या भारतीय कंपनीचं नेहमीचं पत्र फक्त "५० टक्के" एवढंच सांगतं, त्याचा इथे उपयोग नाही. निघण्याआधी त्यांच्याकडून इंग्रजीत लिहून घ्या: विमाधारकाचं नाव, गाडीचा नंबर, विमा कधीपासून कधीपर्यंत, दरवर्षी दावे किती. पॉलिसी घेताना चालकांमध्ये बायकोचं नाव घाला, पण तिचा हक्क सुरू असेल तेव्हाच. नोंद नसलेला माणूस चालवताना सापडला तर कंपनी वाढीव हप्ता आणि दंड दोन्ही लावू शकते.

काही जोड. भारतातलं लायसन्स संपायला वर्षाच्या आत वेळ उरला असेल तर निघण्याआधीच सारथी या सरकारी पोर्टलवर नूतनीकरण करून घ्या. मूळ कार्डच संपलं तर सहा महिन्यांचा हक्कही संपतो. आयडीपी आरटीओत १,००० रुपयांत मिळतो, घेऊन या, पहिल्या काही महिन्यांत भाषांतराची सोय होते. सुट्टीत गावी जाऊन एजंटकडून काढलेलं लायसन्स इथे शून्य आहे, कारण ते मिळालं तेव्हा तुमचं वास्तव्य जर्मनीत होतं. उलट तुम्ही आधी ब्रिटनमध्ये राहून तिथलं लायसन्स घेतलं असेल, तर ते परिशिष्ट ११ मध्ये आहे, परीक्षा द्यावी लागत नाही. अमेरिकेचं राज्यागणिक वेगळं, कुठे पूर्ण सूट, कुठे फक्त लेखी. कार-शेअरिंगच्या ॲपने भारतीय कार्ड स्वीकारून गाडी उघडून दिली, तरी सातव्या महिन्यात ती चालवायचा हक्क ॲप देत नाही. बुलेटचं लायसन्स असेल आणि इथे मोटारसायकल हवी असेल तर तो वर्ग अर्जात वेगळा मागा, त्याची प्रत्यक्ष परीक्षाही वेगळी होते.