वाचक विचारतात : 1902 सालचं कोल्हापूर आणि जग

मागच्या अंकात 1902 सालावर अर्धं पान लिहिलं आणि त्यावर प्रश्नांचा पाऊस पडला. सगळे घेता येणार नाहीत, जे परत परत आलेत ते घेतलेत.

प्रश्न (मंगळवार पेठ) : त्यावेळी टीव्ही नाही, रेडिओ नाही, मग आपल्या गावात जगातल्या बातम्या कळायच्या तरी कशा?

कळायच्या की. मिरज-कोल्हापूर रेल्वे 1891 लाच सुरू झालेली, तारेची सोय होती, आणि पुण्याची वर्तमानपत्रं गाडीनं यायची. ज्याला वाचता येतंय त्यानं कट्ट्यावर बसून मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशा पद्धतीनं एक पेपर चाळीस-पन्नास कानांपर्यंत जायचा. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला पॅसिफिक महासागराखालची तार पूर्ण झाली म्हणजे पृथ्वीला तारेचा पूर्ण वेढा पडला. बातमी काही तासात जगाच्या दुसऱ्या टोकाला जात होती, पण माणसाला मुंबईहून लंडनला पोचायला दोन-तीन आठवडे लागायचे.

यातलीच एक गोष्ट मला फार आवडते ती सांगतो. तेव्हा आत्ताची भारतीय प्रमाणवेळ नव्हती, ती 1906 पासून आली. रेल्वे सगळीकडे मद्रासच्या वेळेवर चालायची आणि गाव आपल्या सूर्यावर. हिशोब केला तर कोल्हापूरचा सूर्य मद्रासच्या 24 मिनिटं मागे आहे, म्हणजे गावात बरोबर बारा वाजले की रेल्वेच्या घड्याळात बारा चोवीस झालेले. गाडी पकडायची तर आधी कुठलं घड्याळ ते बघायला लागायचं.

प्रश्न (कसबा बावडा) : शाहू महाराज विलायतेला होते तर आरक्षणाचा हुकूम कसा काय निघाला? आमच्या ग्रुपवर यावरून लई वाद झालाय.

वाद मिटवूया. महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी लंडनला गेले होते. राज्याभिषेक 26 जूनला ठरलेला पण दोनच दिवस आधी राजाच्या पोटात गळू झालं म्हणून ऑपरेशन करावं लागलं, सगळा सोहळा पुढे ढकलला आणि तो शेवटी 9 ऑगस्टला झाला. आपल्या संस्थानाचा हुकूम 26 जुलै 1902, वार शनिवार, या तारखेच्या करवीर गॅझेटात छापला गेला, म्हणजे या दोन तारखांच्या मधे, महाराज परदेशात असतानाच. काहीजण 26 जून म्हणतात ते राज्याभिषेकाच्या ठरलेल्या तारखेशी गल्लत झाल्यामुळे असेल, हुकूम जुलैचा आहे.

आता हुकमात काय होतं ते नीट वाचा, कारण नुसतं '50 टक्के' म्हणून सोडून दिलं की त्याचा दम कळत नाही. हुकूम निघाल्यापासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना द्यायच्या. ज्या खात्यात अशा लोकांचं प्रमाण निम्म्यापेक्षा कमी आहे तिथं पुढची नेमणूक त्यांच्यातल्याच माणसाची करायची. मागासलेले म्हणजे कोण तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. आणि शेवटी, प्रत्येक खातेप्रमुखानं केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी पाठवायचा. मला विचाराल तर हे शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं, कारण हुकूम काढणारे पुष्कळ असतात पण तो पाळला जातोय का हे तपासायची सोय त्यातच करून ठेवणारा राजा विरळा.

गरज का पडली? 1894 ला महाराजांच्या हातात कारभार आला तेव्हा सामान्य प्रशासनातल्या 71 जागांपैकी 60 जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. आणि नुसती जागा देऊन भागत नाही, शिकलेला माणूस पण पाहिजे, म्हणून 1901 ला मराठा आणि जैन विद्यार्थ्यांची बोर्डिंगं आधीच सुरू झालेली, पुढे एकेका समाजाची होत गेली. खेड्यातलं पोरगं कोल्हापुरात शिकायला आलं तर राहणार कुठं, जेवणार कुठं, तिथपासून विचार झालेला होता. त्या वर्षी जगभरच्या पेपरात लंडनचा सोहळा गाजला, पण आपल्याकडच्या लाखो घरांचं पुढचं आयुष्य बदलणारी बातमी गॅझेटातल्या त्या काही ओळीत होती असं मी अगदी मनापासून मानतो.

प्रश्न (राजारामपुरी) : राज्याभिषेकाला कुणी राजा गंगेचं पाणी घेऊन गेला होता म्हणे, ते आपले महाराज का?

नाही, ते जयपूरचे महाराज माधोसिंग. चांदीचे प्रचंड हंडे भरून गंगाजल बोटीतून नेलं, त्यातले हंडे आजही जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये बघायला मिळतात. आपल्या महाराजांना त्या मुक्कामात केंब्रिज विद्यापीठानं एलएल.डी. ही कायद्याची मानद पदवी दिली.

प्रश्न (शाहूपुरी) : पणजी सांगायची की प्लेगमुळं लोक शेतात राहायला जायचे. हे त्याच वर्षीचं का?

एकाच वर्षाचं नाही हो. प्लेग 1896 ला मुंबईत आला आणि पुढची कितीतरी वर्षं आपल्या भागात फिरून फिरून येत राहिला, 1902 हे त्यातलंच. घरात उंदीर मरून पडले की गाव सोडायचं, माळावर नाहीतर शेतात झोपडी घालायची, चूल तिथंच, बाळंतपणं पण तिथंच. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं काढलेली प्लेगची लस 1897 पासून होती पण लोक सुईला घाबरायचे, आणि त्यात 30 ऑक्टोबर 1902 ला पंजाबातल्या मुलकोवाल गावात लस घेतलेली 19 माणसं धनुर्वातानं गेली. हाफकिनवर ठपका आला, त्यांना बाजूला केलं, आणि लसीत दोष नव्हता हे मान्य व्हायला 1907 उजाडलं. चांगल्या औषधावरचा विश्वास असा मधेच तुटला याचं फार वाईट वाटतं. तुमच्या पणजीच्या आठवणी कुणाला येत असतील तर आत्ताच लिहून घ्या, हे कुठल्या पुस्तकात मिळत नाही.

1902 चंच वैद्यकाचं नोबेल रोनाल्ड रॉसला मिळालं, हिवताप डासामुळं होतो हे त्यानं 1897 ला सिकंदराबादेत शोधलेलं, आणि जन्म पण त्याचा अल्मोड्याचा.

प्रश्न (उद्यमनगर) : बोअर युद्धाचा आपल्याशी काय संबंध?

युद्ध दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर, म्हणजे तिथं स्थायिक झालेले डच वंशाचे लोक, यांच्यात झालं, 31 मे 1902 ला तह होऊन संपलं. पण पकडलेले हजारो बोअर कैदी इंग्रजांनी हिंदुस्थानात आणून ठेवले होते, नगरला त्यांची मोठी छावणी होती.

प्रश्न (रंकाळा परिसर) : खासबाग मैदान 1902 चं का?

कल्पना महाराजांच्या त्या विलायतेच्या प्रवासातली. महाराजांनी रोमचं कलोसियम बघितलं आणि कुस्तीसाठी असं मैदान आपल्याकडं पाहिजे हे डोक्यात घेतलं. मैदान बांधून पुरं झालं 1912 ला. मधे कुस्तीचा हौदा आणि चारी बाजूंनी चढत जाणारी बैठक, त्यामुळं मागच्या माणसाला पण कुस्ती दिसते.