रेडिएशन संपून दोन महिने झाले तरी बाबांचं तोंड कोरडंच, काय करता येईल?

ताई, तुम्ही लिहिलं आहे की बाबांच्या घशाच्या कॅन्सरचे ३३ शेक, म्हणजे रेडिएशन, संपून दोन महिने झाले, पोळीचा घास तोंडात नुसता फिरत राहतो, रात्री चार-चारदा उठून पाणी पितात आणि डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. डॉक्टर बरोबरच सांगून राहिले, वेळ लागतोच, पण तोवर घरी करण्यासारखं बरंच आहे. माझी जिभेच्या कॅन्सरची ट्रीटमेंट २०२१ मध्ये झाली, आधी ऑपरेशन मग ३० शेक, इथेच नागपुरात. मी शाळेत शिकवते, दिवसभर बोलायचं काम, त्यामुळे बाबांचे हाल मला वाचतानाच समजले.

पहिली गोष्ट, नुसतं पाणी पाजून हे भागत नाही. माझ्याकडेही घरचे सारखा तांब्या पुढे करायचे, पाणी प्यायलं की दोन मिनिटं बरं आणि परत तेच. लाळ म्हणजे पाणी नाही ना. धडधाकट माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, तिच्यात घास निसरडा करणारा बुळबुळीतपणा असतो, ॲसिड मारायची ताकद असते, दातांना लागणारं कॅल्शियम असतं. कानापुढच्या ग्रंथी जेवताना पातळ लाळ सोडतात आणि जबड्याखालच्या ग्रंथी बाकी वेळ तोंड ओलं ठेवतात. घशाच्या शेकात बहुतेक दोन्हींना मार बसतो, म्हणून जेवतानाही त्रास आणि झोपेतही.

रात्रीचं आधी सांगते. शेक संपल्यावरच्या पहिल्याच मे महिन्यात मी एसीच्या खोलीत झोपले, बाहेर ४५ डिग्री, दुसरं काय करणार. पहाटे जाग आली तर जीभ टाळूला अशी चिकटलेली की हाक मारता येईना, बोटाने सोडवली तेव्हा टक् असा आवाज आला आणि मी घाबरून रडले. दुसऱ्या दिवसापासून हॉलमध्ये कूलरपाशी अंथरूण टाकलं. एसी हवेतला ओलावा ओढून घेतो, कूलर उलट ओलावा सोडतो, एवढं साधं आहे. फक्त झोत थेट तोंडावर नको आणि टाकीतलं पाणी बदलत राहायचं. थंडीत मी ओला टॉवेल पलंगाजवळच्या खुर्चीवर पसरून ठेवते. झोपताना अर्धा चमचा खोबरेल तेल तोंडात फिरवते, ओठांना लावते, मला त्याने दोन-तीन तास सलग झोप मिळते. मेडिकलमध्ये कृत्रिम लाळेचा स्प्रे किंवा जेल मिळतं, झोपायच्या आधी ते लावूनही बघा, कोणाला काय मानवेल सांगता येत नाही.

लाळ घट्ट तारेसारखी येत असेल तर एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा, दिवसातून सहा-आठ वेळा गुळण्या, आणि थुंकून टाकायचं, गिळायचं नाही. बाजारातला झोंबणारा माउथवॉश नको, त्यात बऱ्याचदा अल्कोहोल असतं, तोंड अजून सुकतं. जिभेवर दह्यासारखे पांढरे थर दिसले किंवा नुसत्या वरणानेही आग व्हायला लागली तर बुरशी असू शकते, ते गुळण्यांनी जात नाही, औषध लागतं.

जेवणात कोरडं काही वाढूच नका. पोळी वरणात कुस्करून वर तूप, पातळ मुगाची खिचडी, दूध-भाकरी, आणि प्रत्येक घासासोबत एक घोट पाणी. तर्री आणि सावजी सध्या विसरा. बाबा खर्रा, म्हणजे आपल्याकडचं तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खायचे का ते तुम्ही लिहिलं नाही, पण खात असतील तर हात जोडून सांगते, एक पुडीसुद्धा नको, तोंड ओलं राहावं म्हणून नुसती सुपारीही नको.

आता माझी चूक सांगते, याच्यासाठीच खरं तर लिहायला बसले. शाळा परत सुरू झाल्यावर तास घेताना जीभ वळेना म्हणून मी लिंबाच्या गोळ्या चघळायला लागले. आंबटाने थोडी लाळ सुटायची, बरं वाटायचं, दिवसाला दहा-बारा सहज व्हायच्या. काही महिन्यांनी आरशात खालच्या पुढच्या दातांवर हिरडीला लागून तपकिरी रेघ दिसली, नखाने खरवडली तर दात चक्क मऊ लागला. लाळ नाही, वरून साखर आणि आंबट, दात किती टिकणार? चघळायचंच असेल तर बिनसाखरेचं, झायलिटॉलवालं च्युइंगगम द्या.

मग एक दाढ ठणकायला लागली, घराजवळच्या डेंटिस्टकडे गेले, काढायचं ठरलं, इंजेक्शन भरून तयार होतं आणि मी सहज बोलले की मागच्या वर्षी शेक झालेत. डॉक्टरांनी सिरिंज खाली ठेवली. शेक बसलेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, दात काढल्यावर जखम भरत नाही आणि हाडच मरायला लागू शकतं, आणि हा धोका दोन-चार वर्षांत संपत नाही, जन्मभर राहतो. त्यांनी रूट कॅनल करून दाढ वाचवली. तेव्हापासून रोज रात्री दातांच्या मापाच्या साच्यात फ्लोराइड जेल भरून पाच मिनिटं धरते, नंतर अर्धा तास खाणंपिणं बंद. बाबांना याच महिन्यात दंतवैद्याकडे न्या, खर्चाचा प्रश्न असेल तर नागपुरात मेडिकल कॉलेजच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि कुठेही गेलात तरी खुर्चीत बसायच्या आधी शेकची फाइल दाखवा.

त्याच फाइलमध्ये कानापुढच्या ग्रंथीला किती डोस गेला ते असतं, पॅरोटिड म्हणून लिहिलेलं. सरासरी २६ ग्रेच्या (ग्रे म्हणजे शेकाच्या डोसचं माप) आत असेल तर लाळ परत येण्याची आशा चांगली असते, वर्ष-दोन वर्षं हळूहळू सुधारत राहते. माझी एका बाजूची ग्रंथी वाचली होती, दीड वर्षाने पहिल्यांदा पाण्याशिवाय अर्धी पोळी गेली. पायलोकार्पिन नावाची गोळीही आहे, ५ मिलिग्रॅम, सहसा दिवसातून तीनदा देतात, ग्रंथीत थोडा जीव उरला असेल तर ती लाळ सोडवते, पण फरक दिसायला दोन-तीन महिनेही लागतात आणि घाम खूप येतो. दम्याच्या आणि काही प्रकारच्या काचबिंदूच्या पेशंटला चालत नाही, म्हणून स्वतःहून आणू नका. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी तोंड अजून सुकतं, बाबा तशा घेत असतील तर तेही डॉक्टरांना विचारा.

बाबांना दमा किंवा डोळ्यांचा काही त्रास आहे का आणि फाइलमध्ये पॅरोटिडसमोर काय आकडा आहे, तेवढं बघून इथेच लिहा, पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना काय काय विचारायचं ते मी सांगते.