डिक्रीच्या आधी मेडिक्लेमचं काम उरका

ताई, नवऱ्याच्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये तुम्ही आणि मुलगी, तुम्हाला शुगर, आणि परस्परसंमतीच्या घटस्फोटाची दुसरी मोशन, म्हणजे कोर्टातला दुसरा आणि शेवटचा अर्ज, बाकी. डिक्रीनंतर, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम हुकूम झाल्यावर, कव्हर राहील का, हा तुमचा प्रश्न.

तुमचं राहणार नाही. पॉलिसीत नाव ‘पत्नी’ म्हणून आहे, ते नातं संपलं की नावही जातं. एचआरला कुणी कळवलं नाही म्हणून कार्ड चालू राहिलं तरी त्यावर ॲडमिट होऊ नका, क्लेम अंगावर येईल.

मुलीचं तसं नाही. ताबा तुमच्याकडे आला तरी ती त्यांची मुलगीच. तिचं नाव तिथेच राहू द्या, पण संमतीच्या अटींमध्ये लिहून घ्या: त्यांनी नोकरी बदलली तर तिचा विमा कोण काढणार, ई-कार्ड तुमच्याकडे कधी येणार, आणि कॅशलेस झालं नाही तर त्यांच्या खात्यात आलेले बिलाचे पैसे तुम्हाला किती दिवसांत मिळणार. पोटगी आणि दागिन्यांवर तारखांवर तारखा जातात, हे कलम मात्र कुणाला सुचत नाही.

तुमच्यासाठी मार्ग मायग्रेशनचा. ग्रुपमधल्या सदस्याला, घरच्यांनासुद्धा, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंग पीरियडमधून, म्हणजे ठरावीक आजारांचा क्लेम मिळत नाही त्या सुरुवातीच्या काळातून, वजा होतात, पण जुन्या विमा रकमेपुरतीच. आधीपासूनच्या आजारांचा वेटिंग २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने आहे, त्यामुळे जुनी सलग वर्षं असतील तर शुगरचा प्रश्न बहुतेक सुटतो. विमा कंपनी तपासण्या सांगेल, प्रीमियम वाढवेलही. म्हणून अर्ज आत्ताच, सदस्य असतानाच करा. कव्हर कधीपासून आहे याचं पत्रही नवऱ्याकडून आताच मागवून घ्या, बोलणं सुरू आहे तोवर. शुगर फॉर्मवर स्पष्ट लिहा. जुने क्लेम विमा कंपनीकडे नोंदलेले असतातच.

खर्चाचं म्हणाल तर वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. आणि तुमचे वडील केंद्र सरकारचे पेन्शनर असून त्यांचं सीजीएचएस (केंद्र सरकारची आरोग्य योजना) कार्ड असेल, तर त्यांच्यावर अवलंबून असलेल्या घटस्फोटित मुलीला वयाची अट न लावता त्यात घेतात, उत्पन्नाची मर्यादा मात्र आहे. आपल्या बडोद्यात पेन्शनरांची घरं पुष्कळ, तरी हे विचारायला कुणी जात नाही.

विमा कंपनीने मायग्रेशन टाळलं तर आधी तिच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. गुजरातचं कार्यालय अहमदाबादला आहे, फी नाही, आणि तक्रार घरबसल्या ऑनलाइन करता येते.