घाटात चालायचं ठरवूनच या

प्रश्न : आम्ही कराडच्या चौघी शेजारणी. यंदा पहिल्यांदाच सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलंय. माझं वय ५१. रोज प्रीतिसंगमावर तासभर चालते, अधूनमधून थोडं पळते. पुतण्या म्हणतो, ‘काकू, चाललीस तर ते धरत नाहीत.’ घाट सगळा पळून चढणं मला जमणार नाही. मग जाऊ की नको? कराडात सपाटीवर राहून उताराची तयारी कशी करायची? आणि चौघींनी शेवटपर्यंत बरोबर राहायचं का?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, जरूर जा. पुतण्याला सांगा, तिथे वेळ बघतात. पाय पळतायत की चालतायत हे कुणी बघत नाही. दिलेल्या वेळेत २१.१ किलोमीटर पूर्ण केलेत की पदक तुमचं. ही वेळ नोंदणीच्या सूचनांमध्ये दिलेली असते, ती आधी वाचून घ्या. हिशेब सोपा आहे. जाताना चढ किलोमीटरला ११ मिनिटांनी आणि त्याच रस्त्याने परतताना उतार ८ मिनिटांनी गेलात तर सगळं अंतर ३ तास २० मिनिटांच्या आसपास होतं. तुमच्या रोजच्या चालण्यात थोडी भर घातलीत तर हे आवाक्यातलं आहे.

चालणं म्हणजे हार, ही समजूत मला मनापासून खटकते. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही सुमारे ९० किलोमीटरची शर्यत १९२१ पासून चालू आहे. ती ज्या वर्षी चढाच्या दिशेने धावतात, त्या वर्षी शेवटी शेवटी पॉली शॉर्ट्स नावाचा चढ येतो, तेव्हा भलेभले चालतात. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी तर थोडं पळा, थोडं चाला ही पद्धतच बांधून दिली. तिचं मर्म एवढंच, की चालायचं ते दमल्यावर नाही, दमायच्या आधी. म्हणून साताऱ्यातलं समर्थ मंदिर मागे पडून यवतेश्वर घाटाचा चढ लागला, की पहिल्याच वळणापासून दोन मिनिटं हळू पळा, एक मिनिट झपझप चाला. चढ उभा झाला की नुसतं चाला. पळताना शेजारणीशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर वेग जास्त झालाय.

आता उतार. घाबरायचंच असेल तर याला घाबरा. चढात दम लागतो, पण थांबलं की श्वास जागेवर येतो. उतारात मात्र प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला ब्रेक लावत असतो. या कामाची सवय नसेल तर त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि खाली पोचेपर्यंत पाय लटपटायला लागतात. चढ झकास चढून आलेली माणसं परतीला रस्त्याच्या कठड्याला धरून, थरथरत्या मांड्या दाबत उभी राहिलेली मी दरवर्षी बघते. दम चांगला असतो, पण उतरण्याचा सराव केलेला नसतो.

तुमच्या दाराशी सदाशिवगड आहे. आठवड्यातून एकदा पायऱ्या चढा, पण त्या दिवसाचा खरा सराव उतरण्याचा. पावलं छोटी आणि भरभर टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, अंग मागे रेलू देऊ नका. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा पळत उतरू नका. पहिल्यांदा मांड्या दोन-तीन दिवस ठणकतील. पुढच्या खेपेला त्याच पायऱ्यांनी तेवढं दुखणार नाही. शर्यतीआधीचे दहा दिवस मात्र गड नको. शर्यतीच्या निदान महिनाभर आधी साताऱ्याला जाऊन खरा घाट एकदा चढून-उतरून या. बूट रोजच्यापेक्षा अर्धा नंबर मोठे घ्या आणि नखं दोन दिवस आधी कापा, नाहीतर उतारात बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. सुती मोजे नकोत. ते भिजले की फोड येतातच, आणि साताऱ्यात त्या दिवसांत पाऊस कधीही येतो.

चौघींचं म्हणाल, तर चौघींनी एकत्र राहायचा हट्ट धरू नका. दुसरीच्या वेगाने घाट चढणं फार थकवतं. हळू चालणारी ओढली जाते आणि भरभर चालणारी ताटकळते. वेग जुळतो तशा दोन जोड्या पाडा. जोडीतल्या दोघींनी एकमेकींना सोडायचं नाही, हे आदल्या रात्रीच ठरवा. वाटेत ढोल-ताशे वाजत असतात, गावातली माणसं, पोरं टाळ्या वाजवत उभी असतात. त्या भरात एखादी पुढे निघून जाते आणि मागची एकटी पडते. माझ्या मते शेवटच्या किलोमीटरला सोबत लागतेच लागते.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगते. पन्नाशीनंतर पहिल्यांदा एवढा ताण घ्यायचा तर आधी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हृदय तपासून घ्या. उतरताना गुडघ्याला सूज येत असेल तर तोही दाखवा. पाणी तहानेपुरतंच प्या. प्रत्येक टेबलावर पेलाभर ढोसलंत तर रक्तातलं मीठ पातळ होऊन चक्कर येते, गोंधळल्यासारखं होतं. आणि पळायच्या आधी किंवा पळताना वेदनाशामक गोळी कुणी देऊ केली तरी घेऊ नका. घाम जात असताना ती मूत्रपिंडाला त्रास देते, शिवाय ज्या दुखण्यासाठी थांबायला हवं तेच कळेनासं होतं. छातीत दाटलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच बसा आणि स्वयंसेवकाला हाक मारा. रुग्णवाहिका वाटेवर असते.