एका तपाचं घड्याळ: जर्मनीत पीएचडीला येण्याआधी

तुझा मेल दोनदा वाचला. अमेरिकेतल्या विद्यापीठाने निधी आटला म्हणून दिलेला प्रवेश काढून घेतला, घरी नेट-जेआरएफचं (आपल्याकडच्या सरकारी संशोधन शिष्यवृत्तीचं) पत्र पडून आहे, आणि जर्मनीतून दोन होकार आलेत. एका ठिकाणी नोकरीचा करार, दुसऱ्या ठिकाणी स्टायपेंड, म्हणजे नोकरी नाही, नुसती विद्यावृत्ती. "ताई, स्टायपेंडमध्ये हातात जास्त पडतात, तोच घेऊ ना? आणि पुढे तिकडेच संशोधनात राहता येईल ना?" असं विचारलंयस. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देते: नको. दुसऱ्यासाठी चहा घेऊन बस.

इथे जर्मनीत पीएचडी करणारा माणूस बहुतेक ठिकाणी विद्यापीठाचा पगारी नोकर असतो. वेतनश्रेणी ई 13. पूर्णवेळ असेल तर सुरुवातीला महिना साडेचार हजार युरोंच्या थोडं वर, पण जीवशास्त्रात साधारण 65 टक्के पद देतात. म्हणजे कागदावर तीन हजार, हातात दोनेक हजार. काम मात्र शंभर टक्क्यांचं, ते कुणी कागदावर लिहीत नाही. मधले हजारभर युरो कुठे जातात? कर, आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा. स्टायपेंडमधून यातलं काहीच कापत नाहीत, म्हणून तो गुबगुबीत दिसतो. आरोग्य विम्याचे पैसे त्यातून तूच भरायचे, आणि पेन्शनच्या खात्यात तीन-चार वर्षं शून्य. उद्या कायमच्या वास्तव्याचा अर्ज करशील तेव्हा पेन्शनचे हप्ते किती महिने भरलेत तेच आधी बघतात. माक्स प्लांक सोसायटी या इथल्या मोठ्या संशोधन संस्थेनेसुद्धा 2015 मध्ये स्टायपेंड बंद करून पीएचडीवाल्यांना करार द्यायला सुरुवात केली, ते उगाच नाही.

आता दुसरा प्रश्न. इथे 2007 पासून एक कायदा आहे, व्हिसेनशाफ्ट्सत्साइटफेरट्राग्सगेझेत्स, म्हणजे संशोधकांच्या मुदतीच्या करारांचा कायदा. (हे नाव न अडखळता म्हणता आलं की निम्मं जर्मन आलं समज.) मुदतीच्या करारावर पीएचडीआधी जास्तीत जास्त सहा वर्षं, पीएचडीनंतर सहा. बरोबर एक तप. पीएचडी चार वर्षांत उरकलीस तर उरलेली दोन पुढे जोडून मिळतात. स्टायपेंडवर राहिलीस तरी पीएचडीचा काळ या हिशेबात धरतातच, तिथे काही वाचत नाही. मूल असेल तर दर मुलामागे दोन वर्षं वाढू शकतात. तप संपलं की कायमची जागा, नाहीतर नमस्कार. बाहेरून आणलेल्या प्रकल्पाच्या पैशावर पुढेही करार करता येतो, म्हणून पंचेचाळिशीतले लोक दोन-दोन वर्षांच्या तुकड्यांवर जगताना दिसतील. आणि कायमची जागा म्हणजे जवळपास प्राध्यापकपदच. आपल्याकडच्या असिस्टंट-असोसिएट प्रोफेसरसारखी मधली पायरी इथे फारशी नाही. प्राध्यापक सोडले तर विद्यापीठांतल्या पंचेचाळिशीच्या आतल्या संशोधकांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुदतीवर आहेत.

या कायद्याचं समर्थन करायला केंद्रीय संशोधन मंत्रालयाने एक छोटी फिल्म केली होती. तिच्यात हाना नावाची कार्टूनमधली जीवशास्त्रज्ञ. सांगणं असं की सगळ्यांना कायम केलं तर व्यवस्था तुंबेल. तुंबेल! म्हणजे माणसं मोरीत अडकलेला कचरा. 2021 च्या जूनमध्ये हजारो संशोधकांनी "इश बिन हाना", मीच हाना, म्हणत ट्विटरवर आपापल्या करारांच्या कहाण्या लिहिल्या. फिल्म उतरवावी लागली. 2024 मध्ये कायदा बदलायचा मसुदा मंत्रिमंडळाने मंजूर केला, पण त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारच कोसळलं आणि मसुदा बारगळला.

माझंच सांगते. तीन वर्षांचा करार संपला तेव्हा माझे दोन प्रयोग आणि अख्खा प्रबंध बाकी होता. सरांचा प्रकल्प संपलेला. मग सहा महिन्यांचा करार, पुन्हा सहा महिन्यांचा. व्हिसा कराराएवढाच, म्हणून दर वेळी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची तारीख मिळवायची. शेवटची प्रकरणं मी बेकारभत्त्यावर लिहिली. निव्वळ पगाराच्या 60 टक्के, आणि वर नोकरी शोधत असल्याचे पुरावे द्यायचे. इथे हे इतकं सर्रास चालतं की प्रयोगशाळेत कुणाला त्याचं काहीच वाटलं नाही. मी मात्र कोल्हापूरला आईला सांगितलंच नाही. तिच्या लेखी मी "विद्यापीठात"च होते. पण तो भत्ता मिळाला तो करारामुळे. स्टायपेंडवर असते तर तोही नसता. आता मी कंपनीत आहे, बरी आहे. पिपेट आठवतं अधूनमधून.

एवढं ऐकून येऊच नये का? ये की. जेआरएफचे महिना 37,000 रुपये वेळेवर येतात का, हे तुझ्या सीनियरना विचार, मी काय सांगणार. संशोधनाला पैसा देणाऱ्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा 2023 मध्ये झाला, पण भारत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या एक टक्काही संशोधनावर खर्च करत नाही आणि जर्मनी तीन टक्क्यांच्या वर करते. हा फरक यंत्र बंद पडल्यावर कळतो. इथे दुसऱ्या दिवशी माणूस येतो. चार वर्षं शिकायला ही जागा फार चांगली आहे. फक्त तिला सासर समजू नकोस.

करारवाल्या प्राध्यापकांना सरळ लिही: पद कुठल्या पैशातून आहे, प्रकल्प कोणत्या महिन्यात संपतो, आणि मागच्या पाच विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली. इथे असं विचारणं आगाऊपणा ठरत नाही. उत्तर गुळमुळीत आलं तर तेच उत्तर समज. आणि प्रयोगशाळेत सगळे इंग्रजी बोलतात म्हणून जर्मन टाळू नकोस, मी दोन वर्षं टाळलं आणि कंपन्यांच्या मुलाखतींत त्याची किंमत मोजली. पुण्याला माक्स म्युलर भवनात जर्मनच्या वर्गाला नाव घाल, या महिन्यातच.

कराराचा मसुदा आला की पहिलं पान मला पाठव. टक्के आणि शेवटची तारीख मी बघते, मग सही कर.